पैसे कुठून आले?

अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी शहर. १९५६ साल. काळ्या माणसांनी वर्णभेदाविरुद्ध शहरातल्या बसवर बहिष्कार घातलेला. कामावर जायचं तर पायी, नाहीतर चळवळीने जमवलेल्या मोटारींतून. मोटारींना पेट्रोल लागतं, टायर लागतात. सोमवारी रात्री चर्चमध्ये सभा भरते. जॉर्जिया गिल्मोर नावाची दणकट बांध्याची स्वयंपाकीण पुढे येते आणि आठवड्याचा गल्ला चळवळीच्या स्वाधीन करते. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. पैसे कुठून आले? कुठूनच नाही. तिच्या मंडळाचं नावच होतं ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’.

नाव गमतीने ठेवलेलं नव्हतं. मंडळातल्या बऱ्याच बायका गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक-धुणी करायच्या, त्यांची मुलं सांभाळायच्या. घरी परतल्यावर केक भाजायचे, चिकन तळायचं आणि ते ब्युटी पार्लरमध्ये, सभेच्या जागी विकायचं. मालकिणीला सुगावा लागला असता तर दुसऱ्या दिवशी काम गेलं असतं. म्हणून कोणाचं नाव नाही, पावती नाही. कोणी कितीचं विकलं ते गिल्मोरबाईंना ठाऊक, बाकी कोणाला नाही.

त्यांचं स्वतःचं नाव मात्र झाकून राहिलं नाही. बहिष्काराचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर त्याबद्दल खटला भरला गेला तेव्हा त्या साक्षीला उभ्या राहिल्या. बस ड्रायव्हरने आपल्याकडून भाडं घेतलं, उतरून मागच्या दाराने चढायला सांगितलं आणि आपण उतरल्यावर बस तशीच दामटली, हे त्यांनी भर कोर्टात सांगितलं. नोकरी गेली. किंग त्यांना म्हणाले, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात राबण्यापेक्षा आता स्वतःच्या घरी रांधा आणि विका. नुसता सल्ला देऊन ते थांबले नाहीत. भांडीकुंडी घ्यायला पैसे दिले, पुढे स्वतः तिथे जेवायला येत राहिले, बैठकाही गिल्मोरबाईंच्याच टेबलाभोवती घेत राहिले.

काळ्या उद्योजकांना मदत हा विषय निघाला की मला ही चूल आठवते. भांडी मिळाली म्हणून धंदा सुरू झाला. माणसं रोज जेवायला आली म्हणून तो टिकला. यातलं एक देऊन दुसरं विसरणाऱ्या योजना मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आपल्याकडेही.

माझ्या आईने शिलाई मशीन घेतलं ते भिशीच्या पैशांतून. त्याआधी ती एका बँकेत गेली होती. साहेबांनी दोन जामीनदार मागितले, दोघेही पगारदार हवेत. आमच्या गल्लीत पगारदार माणूस एकच, आणि तो कोणाला जामीन राहायला घाबरायचा. भिशी चालवणाऱ्या मावशींच्या कानावर हे गेलं. चिठ्ठ्या टाकायच्या आधी मावशी म्हणाल्या, “ह्या खेपेला पहिला नंबर हिला देऊ या. मशीन आलं की आपले ब्लाऊज हिच्याकडेच टाकायचे.” बाराही जणींनी मान डोलावली. भांडवल आणि गिऱ्हाईक, दोन्हींची सोय दोन वाक्यांत झाली.

डेट्रॉइटच्या गॉर्डी कुटुंबातही असाच एक डबा होता. आई बर्था, वडील बेरी, म्हणून फंडाचं नाव ‘बेर-बेरी’. भावंडांनी दर महिन्याला दहा-दहा डॉलर टाकायचे आणि कोणाला कर्ज हवं असेल तर सगळ्यांनी होकार द्यायचा. जानेवारी १९५९ मध्ये धाकट्या बेरीने हात पसरला. त्याची पत काय होती? रेकॉर्डचं दुकान काढून बुडवलेलं. मोटार कारखान्यातली नोकरी सोडलेली. वय २९. बहीण एस्थरने त्याला चांगलं फैलावर घेतलं, आजवर काय दिवे लावलेस ते विचारलं. मग त्याच्याकडून कागदावर सही घेतली आणि आठशे डॉलर दिले. त्या आठशे डॉलरांतून मोटाउन उभी राहिली. स्टीव्ही वंडर, मार्विन गे, सुप्रीम्स, जॅक्सन फाइव्ह, सगळ्यांची गाणी त्या एका कंपनीतून बाहेर आली.

बँक उलटतपासणी घेते आणि पैसे देत नाही. एस्थरने उलटतपासणी घेतली आणि पैसे दिले. एकदा बुडालेल्या माणसाला दुसऱ्यांदा उभं करायची हिंमत फक्त त्याला आतून ओळखणाऱ्यांत असते. बुडालेलं दुकान बँकेच्या कागदावर डाग म्हणून राहतं, घरात तीच शिकवणी ठरते.

हे शहाणपण अमेरिकेत जन्मलेलं नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांत एसुसु नावाची भिशी होतीच. ती कॅरिबियन बेटांवर सुसु झाली, जमैकात पार्डनर झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनला आलेल्या जमैकन कामगारांना तिथल्या बँकांनी उभं केलं नाही तेव्हा त्यांनी पार्डनरच्या पैशांवर घरं घेतली. आपली भिशी आणि त्यांची पार्डनर शेजारी ठेवा, नावापलीकडे फारसा फरक सापडायचा नाही.

पण डब्यातले पैसे शेवटी डब्याएवढेच. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने २०२२ साली केलेल्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक (मीडियन) संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर निघाली, काळ्या कुटुंबाची ४४,९००. धंद्यातला पहिला पैसा स्वतःच्या शिलकीतून येतो, घर तारण ठेवून येतो, नाहीतर सासऱ्याकडून, काकाकडून येतो. ज्याच्या काकाकडेच काही नाही त्याने कोणाचं दार ठोठावायचं? नोकरदार ठेवणाऱ्या अमेरिकी कंपन्यांपैकी काळ्या मालकांच्या तीन टक्क्यांच्या आसपास आहेत, आणि लोकसंख्येतला काळ्यांचा वाटा आहे चौदा टक्क्यांच्या घरात. ही दरी आळसातून पडली असं अजून कोणी बोललं की माझं डोकं सणकतं. ती खणलेली आहे. कोणी, कधी, कुठे खणली याच्या तारखा आहेत.

मार्च १८६५. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांसाठी फ्रीडमन्स बँक निघाली, कायद्यावर लिंकनची सही. सैनिकांनी पगार ठेवला, धोबिणींनी नाणी ठेवली. लोकांना वाटलं, सरकारची बँक आहे, बुडायची नाही. सुरुवातीला ठेवी फक्त सरकारी रोख्यांत गुंतवायच्या असा नियम होता. १८७० मध्ये तो सैल केला आणि गोऱ्या विश्वस्तांनी आपल्या वर्तुळात कर्जं वाटली. १८७३ ला बाजार कोसळला. बँक आतून पोखरली गेल्यावर, मार्च १८७४ मध्ये, काळ्यांचे नेते फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी खिशातले दहा हजार डॉलर घातले. जूनअखेर कुलूप लागलं. एकसष्ट हजारांवर ठेवीदार, तीस लाखांच्या आसपास डॉलर. पैसे कुठून आले हे काळ्या माणसाला शंभरदा विचारतात. ते पैसे कुठे गेले हे त्याने कोणाला विचारायचं?

दुसरी तारीख, ३१ मे १९२१. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातला ग्रीनवुड भाग. हॉटेलं, दवाखाने, थिएटर, वाण्यांची दुकानं, बहुतेक सगळं काळ्यांच्या मालकीचं. गोऱ्या जमावाने पस्तीस गल्ल्या जाळल्या, बाराशेच्या वर घरं गेली. विमा कंपन्यांनी दंगलीचं कलम दाखवून हात झटकले. वर शहराने नियम काढला की पुन्हा बांधायचं तर आगीला न पेटणाऱ्या महाग सामानानेच बांधा. बी. सी. फ्रँकलिन नावाच्या काळ्या वकिलाने जळक्या राखेत तंबू ठोकला, त्यात टाइपरायटर आणि कायद्याची पुस्तकं मांडली, तिथूनच हा नियम कोर्टात हाणून पाडला. ग्रीनवुड पुन्हा उभं राहिलं. ते पुढे निम्मंअधिक पाडलं गेलं, शहर सुधारणेच्या नावाखाली आणि हमरस्त्यासाठी. उद्योजकाला लागणारी मदत कधी भांडवलाची असते, कधी तंबूतल्या वकिलाची.

आता व्हर्जिनियातलं रिचमंड. इथे मला जरा थांबायचं आहे.

यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या राज्यांची ही राजधानी. इथे धोबिणीच्या पोटी वाढलेली मॅगी लीना वॉकर. लहानपणी ती गोऱ्यांच्या घरून मळके कपडे आणायची, धुतलेले पोचवायची. पुढे सेंट ल्यूक नावाच्या मंडळाची ती मुख्य सचिव झाली. मंडळ कसलं? आजारपणात चार पैसे आणि मेल्यावर नीट माती मिळावी म्हणून गरीब माणसांनी काढलेलं. वॉकरबाईंच्या हाती आलं तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. त्यांनी आधी वर्तमानपत्र काढलं. मग १९०३ मध्ये बँक, ‘सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक’. अमेरिकेत बँकेची सनद मिळवून तिची अध्यक्ष झालेली ही पहिली काळी बाई. पोरांना त्या छोट्या पेट्या द्यायच्या. पेटीत एक डॉलर साठला की बँकेत ये, खातं उघड. बँकेच्या नावातच पेनी होती. दमडीला मान देणारी बँक हवी, हे धोबिणीच्या लेकीलाच सुचणार.

ही बँक काय करायची? घरासाठी कर्ज द्यायची. शेकडो काळी कुटुंबं त्यामुळे घरमालक झाली. घर आलं की तारण आलं, तारण आलं की दुकानाचा विचार डोक्यात येतो. त्याच मंडळाने १९०५ मध्ये मोठं दुकानही काढलं. काळ्या मुली काउंटरमागे उभ्या राहून माल विकू लागल्या, गिऱ्हाइकाला मागच्या दाराने यावं लागेना. गोऱ्या व्यापाऱ्यांनी एकी केली आणि घाऊकवाल्यांना दम भरला, ह्यांना माल द्याल तर आमच्याशी गाठ आहे. १९११ मध्ये दुकान बंद पडलं. बँक मात्र दुसऱ्या दोन बँकांशी जोडून घेऊन महामंदीतूनही तरली. माझ्या लेखी दुकानाचं बंद पडणं बँकेच्या यशाइतकंच महत्त्वाचं आहे. पैसा होता, जागा होती, कष्ट होते. पुरवठादाराने पाठ फिरवली आणि खेळ संपला.

त्याच रिचमंडमध्ये ऐंशी वर्षांनी काय झालं बघा. शहराची निम्मी वस्ती काळी. पालिकेच्या बांधकामाच्या मुख्य कंत्राटांतला अल्पसंख्य ठेकेदारांचा वाटा एक टक्काही नाही, ०.६७ टक्के. १९८३ मध्ये पालिकेने ठरवलं की मोठ्या ठेकेदाराने कामातला तीस टक्के वाटा अल्पसंख्यांच्या कंपन्यांना द्यावा. एका गोऱ्या ठेकेदाराचं तुरुंगातल्या संडास-मुताऱ्या बसवण्याचं काम यात अडकलं. तो कोर्टात गेला आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी पालिकेचा नियम रद्द केला. विरोधात मत देणाऱ्यांत थरगूड मार्शल होते, शाळांतला वर्णभेद मोडणारा खटला लढलेले. मॅगी वॉकरच्या शहरात, तुरुंगातल्या मुतारीच्या भांड्यांवरून, देशभरच्या काळ्या ठेकेदारांची वाट अरुंद झाली.

अटलांटाने मात्र त्याआधीच करून दाखवलं होतं. मेनार्ड जॅक्सन जानेवारी १९७४ मध्ये तिथले पहिले काळे महापौर झाले, वय ३५. शहराच्या कंत्राटांत काळ्यांचा वाटा तेव्हा एक टक्क्याच्या आत. विमानतळाची नवी इमारत बांधायची होती, कोट्यवधी डॉलरचं काम. जॅक्सन यांनी सांगितलं, पंचवीस टक्के काम अल्पसंख्य कंपन्यांना गेलंच पाहिजे, नाहीतर काम होणार नाही. गावातले बडे लोक खवळले, काम रखडलं, जॅक्सन हलले नाहीत. शेवटी मोठ्या गोऱ्या कंपन्यांनी लहान काळ्या कंपन्यांना भागीदार करून घेतलं. १९८० मध्ये इमारत उघडली.

या भागीदारीत ठेकेदारांच्या हाती नुसता पैसा पडला नाही. एवढं मोठं काम अंगावर घेतलं की निविदा कशी भरायची, हमीपत्र कोणाकडून मिळवायचं, बिल अडकलं तर मजुरांचा पगार कुठून भागवायचा हे अंगवळणी पडतं. हे शिकवायला कुठली शाळा नाही, कामावरच शिकायचं असतं. आणि कामावर घेतच नाहीत हेच तर दुखणं. हर्मन रसेल हे गिलावा करणाऱ्याचे चिरंजीव. पोरवयात बूट पॉलिश केलेले, सोळाव्या वर्षी जमिनीचा तुकडा घेऊन त्यावर घर बांधलेले. विमानतळाच्या कामात त्यांची कंपनीही होती. आज त्यांच्या कंपनीच्या जुन्या मुख्यालयात काळ्या उद्योजकांसाठी केंद्र चालतं, त्यांच्याच नावाने. ज्या इमारतीत एकाने धंदा वाढवला, तिथेच आता दुसरे हिशेब लिहायला, माल बाजारात न्यायला आणि आपल्यासारख्याच अडचणींतून गेलेल्यांना चार प्रश्न विचारायला बसतात.

अटलांटात सगळं आलबेल झालं असं मी म्हणणार नाही. काही गोऱ्या कंपन्यांनी काळा चेहरा फक्त कागदावर पुढे केला. लाभ झाला तो बराचसा आधीच दोन पायऱ्या वर असलेल्यांना. गरीब वस्त्या गरीबच राहिल्या. ही टीका खरी आहे आणि काळ्या लोकांनीच ती सर्वांत कडक शब्दांत केली आहे. पण शिडी वाकडी आहे म्हणून ती सरळ करायची की जाळायची?

जाळण्याचं काम सध्या कोर्टातून चाललंय. अटलांटातच ‘फिअरलेस फंड’ नावाची संस्था २०१९ मध्ये निघाली, काळ्या बायकांच्या कंपन्यांत गुंतवणूक करायला. देशातलं जोखमीचं भांडवल काळ्या बायकांच्या वाट्याला एक टक्काही येत नाही. संस्थेने वीस हजार डॉलरचं अनुदान सुरू केलं. ऑगस्ट २०२३ मध्ये एका संघटनेने दावा ठोकला की हा वंशभेद आहे. दावा कशाच्या आधारावर? १८६६ च्या नागरी हक्क कायद्याच्या. तो कायदा कशासाठी झाला होता? नुकत्याच सुटलेल्या गुलामांना गोऱ्यांसारखेच करार करता यावेत यासाठी. राष्ट्राध्यक्षांनी नाकारला तरी संसदेने तो करून दाखवला होता. जून २०२४ मध्ये अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक मतांनी अनुदान रोखलं, सप्टेंबरमध्ये तडजोड झाली आणि अनुदानाची योजनाच बंद पडली. ढाल म्हणून दिलेलं लोखंड वितळवून त्याची सुरी केली.

रंग बघून मदत करू नका, असं सांगणाऱ्यांना माझं सरळ म्हणणं आहे. सरकारी संस्थेने १९३० च्या दशकात वस्तीचा रंग बघून नकाशावर लाल शाई फिरवली, बँकांनी घरासाठी कर्ज नाकारलं. घाऊक व्यापाऱ्याने रंग बघून माल थांबवला. जमावाने रंग बघून काडी लावली. रंग बघून घेतलेलं रंग न बघता कसं परत करणार? एका गोऱ्या मुलाला त्याच्या वडिलांचा कॉलेजमित्र पहिली ऑर्डर देतो तेव्हा त्याला ओळख म्हणतात. काळ्या समाजाने वर्गणी काढून आपल्या मुलीला पहिली ऑर्डर मिळवून दिली की तो भेदभाव. ओळख हेच भांडवल असेल, आणि ते आहेच, तर ज्यांना पिढ्यान् पिढ्या कोणी ओळखच दाखवली नाही त्यांनी ती आपसांत उभी केली तर चुकलं कुठे?

हे मी अमेरिकेतल्या आपल्या माणसांनाही सांगतोय. डॅलसमध्ये, न्यू जर्सीत कंपन्या काढून सरकारी कंत्राटं घेणाऱ्या भारतीयांना आठवतं का, की १९८२ मध्ये आपल्या एका संघटनेने अर्ज करून भारतीय वंशाच्या उद्योजकांना ‘सामाजिकदृष्ट्या वंचित’ या सरकारी यादीत बसवून घेतलं होतं? काळ्यांच्या लढ्याने उघडलेलं ते दार. पदव्या घेऊन आलेल्या आपल्या लोकांनी त्यातून आत जाऊन जेवण केलं. आता त्यातलेच काही जण जेवणाच्या टेबलावर ‘ह्यांना किती दिवस सवलती’ म्हणतात. असं बोलणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवावं, पाहुणा असला तरी.

आपलं नातं याहून जुनं आणि स्वच्छ आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. फुले समाजसुधारक होते हे शाळेत शिकवतात. ते ठेकेदार होते, बांधकामाची कंत्राटं घ्यायचे, हे फारसं कोणी सांगत नाही. शाळेचा खर्च आणि स्वतःचा कणा या दोन्हींसाठी हातात धंदा हवा, हे त्यांना उमगलं होतं. २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित उद्योजकांचं चेंबर, डिक्की, काढलं तेव्हा समोर अमेरिकेतल्या काळ्या पुरवठादारांचं उदाहरण होतं. २०१२ पासून केंद्र सरकारच्या खरेदीत चार टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांचा असा नियम आहे. ते चार टक्के वर्षानुवर्षं गाठलेले नाहीत. रिचमंडच्या ०.६७ वर आपण हळहळावं आणि इकडे बघूच नये, हे मला जमत नाही.

अमेरिकेत आज मदत करणाऱ्यांची कामं कोणती? ‘किवा’ ही संस्था बिनव्याजी कर्ज देते, पंधरा हजार डॉलरपर्यंत. क्रेडिट स्कोअर बघत नाही. मुख्य अट अशी, अर्जदाराने आधी आपल्या ओळखीच्या काही जणांकडून थोडंथोडं का होईना कर्ज आणून दाखवायचं, मग जगभरचे अनोळखी लोक आपला वाटा घालतात. मावशींची भिशीच ही, फक्त फोनवर आलेली. न्यूयॉर्कच्या ऑरोरा जेम्स यांनी २०२० मध्ये पोलिसाने केलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर बड्या दुकानांना सांगितलं, फळीवरची पंधरा टक्के जागा काळ्या उत्पादकांच्या मालाला द्या. सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानसाखळीने सर्वांत आधी होकार दिला. १९११ मध्ये वॉकरबाईंचं दुकान जिथे गुदमरलं, बरोबर त्या गाठीला जेम्स यांनी हात घातला.

२०२० मध्येच फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत, कोरोनाच्या टाळेबंदीत, धंदा चालू असलेल्या काळ्या मालकांची संख्या ४१ टक्क्यांनी घसरली. सरकारने मदत काढली ती बँकांमार्फत. ज्याचा बँकेत साहेब ओळखीचा, त्याचा अर्ज आधी. न्हावी, केशरचना करणाऱ्या, घरगुती डबे देणाऱ्या बाया रांगेत मागेच राहिल्या. दीडशे वर्षांची गोष्ट तीन महिन्यांत पुन्हा घडली.

मग २०२५ उजाडलं. पाचशेहून जास्त काळ्या ब्रँडचा माल फळीवर आणू, दोन अब्ज डॉलर खर्चू म्हणणाऱ्या टार्गेट या बड्या दुकानसाखळीने वारं बदलताच आपले समतेचे कार्यक्रम गुंडाळायला घेतले. काळ्या चर्चनी बहिष्कार पुकारला, आणि बरोबरच केलं. पण त्या दुकानाच्या फळीवर ज्या काळ्या बाईचं केसांचं तेल होतं, तिचं काय? कर्ज काढून तिने मोठी ऑर्डर पुरवलेली. आणि तिचेच लोक दुकानात जाईनासे झाले. कोणी म्हणालं, आत जाऊन फक्त आपला माल घ्या. कोणी म्हणालं, तिच्याकडून थेट घ्या. मला दुसरं पटतं. बड्या दुकानाची फळी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. गिल्मोरबाईंच्या टेबलावर तशी कोणाची मर्जी चालत नव्हती.

७ मार्च १९९० ला, मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्मा ते माँटगोमेरी पदयात्रेला पंचवीस वर्षं होत होती. यात्रा पुन्हा निघणार, माणसं येणार, म्हणून गिल्मोरबाई पहाटेच उठून रांधायला लागल्या. त्याच दिवशी त्या गेल्या. भेटायला आलेल्यांना घरच्यांनी त्यांच्याच हातचं चिकन आणि मॅकरोनी वाढली.